सोसायटीच्या दुरुस्तीचं कंत्राट आणि कामगारांच्या छातीत जाणारी धूळ

नौपाडेकर

आमच्या इमारतीची (ठाणे, नौपाडा, तळमजला अधिक चार, वय चाळीसच्या पुढे) मोठी दुरुस्ती पावसाळा संपला की सुरू होतेय. बाहेरचं प्लास्टर फोडायचं, गच्चीवरची जुनी सिमेंटच्या पत्र्यांची शेड काढायची, जिन्याला ग्रॅनाइट, शेवटी रंग. कंत्राटाचा मसुदा कमिटीकडे आलाय. पैसे कधी द्यायचे, उशीर झाला तर दंड किती, गळती निघाली तर जबाबदारी कोणाची, सगळं बारीक बारीक लिहिलंय. कामगारांबद्दल एकच वाक्य आहे, "सर्व सुरक्षा साधने पुरवण्याची जबाबदारी ठेकेदाराची राहील."

मी मीटिंगमध्ये विचारलं, हेल्मेट आणि पट्टा ठीक, पण धुळीचं काय? एक सभासद म्हणाले, परांचीवरून पडून माणसं मरतात, धुळीने कोण मरतंय. मला ते पटलेलं नाही. शेजारच्या इमारतीत लादी कापत होते तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या धुळीने चौथ्यापर्यंतचे कठडे पांढरे झाले होते आणि कापणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून त्या ढगातच बसला होता.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या कामांतून कॅन्सर होतो हे नक्की सिद्ध झालंय का, आणि कशाकशातून? आणि सोसायटीने कंत्राटात असं काय लिहावं की ते खरोखर पाळलं जाईल?

छातीचा_डॉक्टर

नौपाडेकर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ हो आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये ल्यों इथे आहे. ती पदार्थांची गटवारी करते. पहिला गट म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टी. तुमच्या इमारतीत होणारं एकेक काम घ्या. पत्र्यातला ॲस्बेस्टॉस (सिमेंटमध्ये मिसळलेले खनिज तंतू) पहिल्या गटात, त्याचे सगळे प्रकार, पांढराही. काँक्रीट, ग्रॅनाइट, लादी कापताना उडणारी क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाची, बारीक धूळ १९९७ पासून त्याच गटात. ग्रिलला वेल्डिंग करताना निघणारा धूर २०१७ पासून. जनरेटरचा आणि डंपरचा डिझेल धूर २०१२ पासून. लाकडाची धूळ, ऊन, हेही त्यातच. रंगाऱ्याचा तर अख्खा धंदाच १९८९ पासून त्या यादीत आहे, कारण त्यांच्या अंगावर इतकी रसायनं एकत्र येतात की एकेक वेगळं काढता येत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. गट पहिला म्हणजे पुरावा पक्का, सगळ्यांचा धोका सारखा असा त्याचा अर्थ नाही. धोका किती हे माणूस किती वर्षं, किती धुळीत आणि कशा जागेत काम करतो त्यावर ठरतं. बंद जिन्यात रोज कटर चालवणारा आणि तुम्ही दुरुस्तीपुरते तिथून जाणारे, यांच्यात फार मोठा फरक आहे.

तर्कशुद्ध

डॉक्टरांचा आदर राखून विरोध नोंदवतो. कोणत्याही साइटवर जा, दहातल्या आठांच्या गालात तंबाखू-चुना असतो, उरलेले विडी ओढतात. कॅन्सर झाला तर तो त्याचा. आधी ते सोडवा. धुळीला दोष दिला की माणूस स्वतःची जबाबदारी विसरतो.

छातीचा_डॉक्टर

@तर्कशुद्ध, तोंडाच्या कॅन्सरबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. तो तंबाखू आणि सुपारीचाच, आणि साइटवर तंबाखू सुटावी म्हणून मीही बोलतो. फुफ्फुसाचं गणित वेगळं आहे. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांचा १९७९ साली छापलेला अभ्यास या विषयात सगळे वाचतात. ॲस्बेस्टॉस नाही आणि सिगारेटही नाही अशा माणसाच्या तुलनेत, नुसत्या ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू पाचपट, नुसतं धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे अकरापट, आणि दोन्ही असणाऱ्यांत पन्नासपटीच्या पुढे. म्हणजे विडी ओढणाऱ्या बिगाऱ्याला धुळीपासून वाचवायची गरज जास्त आहे.

शिवाय फुफ्फुसाच्या आवरणाचा जो कॅन्सर, मेसोथेलिओमा, होतो त्याचा धूम्रपानाशी संबंध नाही. तो बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचाच, आणि धूळ लागल्यापासून तीस-चाळीस वर्षांनी उगवतो.

उलवेकर

चाळीस वर्षांनी! तोवर ना ठेकेदार राहत, ना साइट, ना मुकादमाची वही.

साइटवरचा

घोडबंदर रोडला कासारवडवलीकडे काम करतो, त्यामुळे आतून सांगतो.

सगळ्यात वाईट धूळ टॉवर उभा राहताना नसते. ओलं काँक्रीट ओतताना धूळ उडत नाही. धूळ फिनिशिंगला. स्लॅबची तोंडं ब्रेकरने फोडणं, वायरिंगसाठी भिंतीला झिऱ्या मारणं, लादी कापणं, ग्रॅनाइटची धार गोल करणं, पुट्टी घासणं, आणि शेवटी कोरडा झाडू. खिडक्या बसलेल्या असतात, वारा नसतो. झाडूवर बहुतेक बायका असतात आणि त्यांना मास्क द्यायचा हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

पाणी मारून कापा असं सगळे म्हणतात. अडचण अशी की लादीवाल्याला पैसे चौरस फुटावर मिळतात. पाणी लावलं की चिखल होतो, लादीवर डाग बसतो, पुसायला माणूस लागतो, दिवसाचं काम कमी भरतं. दुसरी अडचण शॉकची. साधा हँड कटर पाण्यासाठी बनवलेला नसतो. पोरं झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने पात्यावर पाणी सोडतात आणि खाली जोड दिलेली वायर त्याच पाण्यात पडलेली असते. नुसतं "पाणी वापरा" लिहून मोकळे झालात तर एक धोका टाळून दुसरा आणाल. पाण्याची नळी असलेलं मशीन, वीज गळली की तीस मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर आणि धड प्लग, हे तिन्ही मागा.

सुतारपक्षी

+१. आम्ही तुर्भ्याला फर्निचर करतो. टेबल सॉला धूळ ओढणारा पंखा बसवला तेव्हा आधी सगळे वैतागले, आवाज होतो म्हणून. आता तो बंद पडला तर कारागीर स्वतः येऊन सांगतात.

लाकडाच्या धुळीचा कॅन्सर नाकात आणि सायनसमध्ये होतो. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येतंय, एकच बाजू महिनोन् महिने चोंदलेली आहे, तर सर्दी म्हणून बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. आणि फ्लॅटमध्ये जागेवर एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) कापतात त्यात नुसतं लाकूड नसतं, फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. डोळे चुरचुरतात ते त्यानेच. फॉर्माल्डिहाइडही पहिल्या गटात आहे. शक्य असेल तर माप घेऊन कापणी कारखान्यात करा आणि घरी फक्त जोडणी. आम्ही आता तेच करतो, गिऱ्हाइकाच्या घरातही कचरा होत नाही.

दगडगोटे

थोडं विषयांतर, पण उपयोगाचं. सगळा दगड सारखा नसतो. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, दिघा-तुर्भ्याच्या खाणींतून निघत आला तो, बेसाल्ट. त्यात सुटा क्वार्ट्झ जवळपास नसतो. पोकळ्यांत गारगोटी भरलेली असेल तेवढाच. म्हणून आपल्याकडच्या खडीची धूळ त्रासदायक असली तरी वाळूच्या दगडाच्या धुळीइतकी घातक नाही. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते निम्म्याच्या आसपास क्वार्ट्झ असतो, वाळूच्या दगडात त्याहून पुष्कळ जास्त. संगमरवर आणि कोटा मुळात चुनखडीच्या जातीचे, त्यांत कमी.

आणि हल्ली किचनच्या ओट्याला जो तयार क्वार्ट्झ लावतात, राळेत दगडाचा चुरा घट्ट बसवलेला, त्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वर असू शकते. ऑस्ट्रेलियात तरुण कारागिरांना सिलिकोसिस (फुफ्फुसात सिलिका बसून होणारा आजार) झाल्याचं एकामागून एक उघड झालं आणि १ जुलै २०२४ पासून तिथे तो दगड वापरायलाच बंदी आली. आपल्याकडे तोच ओटा स्वयंपाकघरात बसून कोरडा कापतात. नौपाडेकर, जिन्याला ग्रॅनाइटच हवा का? कोटा टाकलात तर धुळीतला विखार कमी होईल आणि पैसेही वाचतील.

लोकलमधून

ठाणे-बोरिवली बोगद्याचं मग काय? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार तो?

दगडगोटे

@लोकलमधून, तिथेही ज्वालामुखीचाच खडक. यंत्राने खणताना पाणी आणि हवेची सोय असते. १९३०-३१ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये हॉक्स नेस्टचा बोगदा जवळजवळ शुद्ध सिलिकाच्या खडकातून कोरडा खणला होता, तिथे शेकडो मजूर सिलिकोसिसने गेले. खडक वेगळा म्हणून आपल्याकडे डोळे मिटायचे असं नाही, कारण बोगद्यात काँक्रीट फवारतात आणि डिझेलच्या गाड्या फिरतात.

रंगाऱ्याचा_मुलगा

या धाग्यावर लिहू की नको असं झालं होतं.

आमचे आण्णा रंगारी. कोपरीत राहायचो. अर्ध्या ठाण्यातल्या इमारती त्यांनी दोरीच्या झुल्यावर बसून रंगवल्या. विडी नाही, दारू नाही, पंढरीचे वारकरी. संध्याकाळी हाताचा रंग टर्पेंटाईनने पुसायचे आणि वरून रॉकेल. जुना रंग खरवडताना अंगभर भुकटी. मेलामाईन पॉलिश आलं तेव्हा बंद खोलीत फवारायचे, डोकं दुखलं की चहा घेऊन पुन्हा आत.

साठीला आले आणि लघवीतून रक्त यायला लागलं. दुखत काहीच नव्हतं म्हणून उष्णता झाली असेल म्हणत धणे-जिऱ्याचं पाणी प्यायले. पुढे मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. इतक्या डॉक्टरांकडे फिरलो, सगळ्यांनी तंबाखू खाता का विचारलं. काम काय करता हे एकानेही विचारलं नाही. रंगाऱ्यांत हा कॅन्सर जास्त होतो हे मला आण्णा गेल्यावर कळलं.

त्यांचा रंगानेच झाला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण विचारायला तर हवं होतं.

छातीचा_डॉक्टर

@रंगाऱ्याचा_मुलगा, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. रंगाऱ्यांच्या बाबतीत फुफ्फुसाचा आणि मूत्राशयाचा, दोन्ही कॅन्सरचा पुरावा पुरेसा मानलेला आहे. लघवीतून एकदा जरी रक्त आलं, दुखत नसलं तरी, तपासून घ्यायचं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने ओळखीच्या रंगाऱ्याला सांगा.

आणि कामाचा प्रश्न विचारला जात नाही हे खरं आहे. माझ्याकडे नवी मुंबईच्या साइटवरचे कामगार येतात, हातात टीबीच्या औषधांच्या दोन-दोन कोर्सची फाइल. थुंकीत जंतू कधीच सापडलेला नसतो. दगड कापायचं काम किती वर्षं केलंस विचारलं की सगळा उलगडा होतो. घोळ असा की सिलिका फुफ्फुसात बसली की खरा टीबीही लवकर होतो, त्यामुळे दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात. सिलिकोसिस झालेल्या माणसाला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोकाही वाढलेला असतो. ती धूळ परत बाहेर काढणारं औषध नाही.

नाक्यावरची

आम्ही काही जणी मजूर नाक्यावर जाऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे अर्ज भरून देतो. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, वय अठरा ते साठ. दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो, कारण सही केली की हा माणूस माझ्याकडे होता हे कागदावर येतं. बायकांचं तर विचारूच नका. नवरा गवंडी, ही हाताखाली, मजुरी नवऱ्याच्या हातात, नाव फक्त त्याचं. वीस वर्षं सिमेंटची गोणी झटकणाऱ्या बाईकडे ती बांधकामावर होती असं दाखवणारा एक चिठोरा नसतो.

आणखी एक. धुळीचे कपडे घरी जातात, लेकरं अंगाला बिलगतात, बायको ते आपटून धुते. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या बायकांना कपडे धुण्यातून मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. नौपाडेकर, पत्रे काढायच्या दिवसांत त्यांना कपडे बदलायला आणि आंघोळीला जागा द्या. तळमजल्यावरचा वॉचमनचा नळ चालेल. यासाठी कोणालाही निविदा काढावी लागत नाही.

पत्र्याची_खोली

आम्ही लोकमान्यनगरला सिमेंटच्या पत्र्याखाली राहतो, जन्मापासून. हे वाचून झोप उडाली. आम्हालाही होणार का?

छातीचा_डॉक्टर

@पत्र्याची_खोली, घाबरू नका. पत्रा अखंड असेल तर तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात आणि धोका खूप कमी. त्याला भोक पाडू नका, कापू नका, वरचं शेवाळ तारेच्या ब्रशने घासू नका. तुकडे पडले तर कोरडे झाडू नका, ओल्या फडक्याने उचला. जास्त धोका तो पत्रा हातोड्याने फोडून खाली टाकणाऱ्याला.

तर्कशुद्ध

पण एवढं घातक असेल तर विकतात कसं? सरकारने बंदी का नाही घातली?

वकीलीण

साठाहून जास्त देशांनी घातली आहे. आपल्याकडे ॲस्बेस्टॉस खणत नाहीत, पण बाहेरून, मुख्यतः रशियाहून, येतो आणि पत्रे बनतात. गरिबाला स्वस्त छप्पर पडतं, म्हणून रेटा टिकून आहे. बाजारात मिळतं यावरून ते निर्धोक ठरत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि मालकांनी कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, जे नंतर संपेल तोवर, ठेवावी असा आदेश दिला. उलवेकर, तुम्ही म्हणता त्या मुकादमाच्या वहीचं महत्त्व न्यायालयाने तेव्हाच ओळखलं होतं. तो आदेश कारखान्यांपुरता राहिला. साइटवर माणूस महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो, मग नोंद ठेवणार कोण?

बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने दुरुस्ती आणि पाडकाम दोन्ही बांधकामातच धरलं; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. जुन्या कायद्याच्या जोडीच्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन तो कल्याणकारी मंडळाकडे जमा झाला. पैसा आहे, नोंदणीच नसल्याने तो पोहोचत नाही. सोसायटी एक करू शकते. रोजची हजेरी नाव, काम आणि तारीख लिहून स्वतःकडेही ठेवायची आणि काम संपल्यावर प्रत्येकाला त्याची सही-शिक्क्याची प्रत द्यायची, बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावाने. मंडळाच्या दाखल्याला आधार होतो, आणि उद्या आजार निघाला तर तो कुठे काय करत होता हे सांगता येतं.

नौपाडेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुद्यात घालण्यासाठी लिहिलंय, बघा: कापकाम आणि फोडकाम पाणी मारूनच. कापणी शक्यतो गच्चीवर उघड्यावर, जिन्यात नाही. कोरडा झाडू बंद, पाणी शिंपडून किंवा व्हॅक्यूमने सफाई. धुळीच्या कामावर प्रत्येकाला आयएस ९४७३ या भारतीय मानकाच्या प्रतीचा एफएफपी-२ (बारीक धूळ गाळणारा) मास्क, रोज नवा. जुना रंग ओला करून घासायचा. हजेरीची प्रत. कपडे बदलायची जागा. मोडल्यास दंड.

साइटवरचा

नौपाडेकर, कलमं चांगली आहेत पण यातलं एकही पाळलं जाणार नाही.

कारण सांगतो. ठेकेदाराने दर सर्वांत कमी भरून काम घेतलेलं असतं. कलमात लिहिलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या खिशातून जाते, मग तो पहिल्या दिवशी मास्क वाटून फोटो काढतो आणि विषय संपतो. दंड लावायला कमिटीतलं कोणी दुपारी दोन वाजता गच्चीवर येऊन बघणार आहे का? प्लास्टरच्या ओळीसारखीच धुळीची ओळ दरपत्रकात टाका. पाण्याचं कटर भाड्याने, इतके दिवस, इतका दर. मास्क, इतके नग. व्हॅक्यूम. चिखल उचलायला एक माणूस. पत्रे अखंड उतरवून गुंडाळण्याचा दर प्रति चौरस फूट. त्याचे पैसे तुम्ही वेगळे द्यायचे, काम दिसलं तर बिल, नाही दिसलं तर नाही. मग तोच मुकादमाच्या मागे लागेल. आणि लादीवाल्याला रोजावर घ्या, चौरस फुटावर नको. घाई तिथेच सुरू होते.

आमच्या साइटवर पट्ट्याचे पैसे दरात धरले तेव्हापासून पट्टे दिसायला लागले. त्याआधी नुसतं बोर्डावर लिहिलेलं होतं.

वकीलीण

अनुमोदन. आणि सगळ्या निविदा भरणाऱ्यांना तीच ओळ द्या, म्हणजे प्रामाणिक माणूस महाग दिसणार नाही.

तर्कशुद्ध

दरपत्रकाची कल्पना पटली. तंबाखूचं माझं मत कायम आहे, पण सोसायटी स्वतःच्या इमारतीपुरतं हे करू शकते आणि करायला हवं. आमच्याकडे पुढच्या वर्षी लिफ्टचं काम आहे, नौपाडेकर, ते पान मलाही पाठवा.

घामोळं

मास्कबद्दल: मे महिन्यात एफएफपी-२ लावून आठ तास कोणी टिकत नाही, मी लावून बघितलाय. म्हणून पाणी आधी, मास्क नंतर. दाढी असेल तर बाजूने हवा जातेच. रुमाल आणि गमछा तर अजिबात मोजू नका, जी धूळ खोल जाते ती डोळ्याला दिसतही नाही आणि कापडातून आरपार जाते. भर दुपारी प्लास्टर फोडायचं काम सकाळी सातला घ्या, ऊनही टळेल.

नौपाडेकर

वास्तुविशारदांशी बोललो. दरपत्रकात चार ओळी वाढवायला ते तयार आहेत. त्यांच्या अंदाजाने एकूण खर्चात प्रत्येक सभासदामागे फार फरक पडत नाही, रविवारच्या सभेत मांडतो. जिन्याला कोटा हाही पर्याय ठेवलाय. एकच राहिलं, त्या पत्र्यांचं पुढे करायचं काय? भंगारवाला म्हणतो मी नेतो.

साइटवरचा

भंगारवाल्याला देऊ नका. तो फोडून भरावाला टाकतो किंवा पुढे कोणाच्या तरी झोपडीवर विकतो. तळोजा आणि महापेला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रं आहेत, तिथे आधी चौकशी करून ठेवा आणि वाहतुकीचा खर्च त्याच ओळीत धरा. उतरवताना पत्रे भिजवून ठेवायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी, दोरीने सावकाश खाली. हुकचे नट गंजून बसलेले असणार, तिथे पोरं सवयीने ग्राइंडर लावतात आणि पत्रा सुद्धा कापला जातो. हाताचा बोल्ट कटर द्या.

नाक्यावरची

आणि त्या दिवशी कोणाचं लहान मूल गच्चीवर नको. आई कामावर असली की मूल सोबत असतंच, खालच्या मजल्यावर बसायची सोय आधी बघा. मी येऊन बसेन, तारीख कळवा.